निवृत्तीचं नियोजन, दोघांच्या नावावर

३० जून २०२५ ला मी नोकरीतून निवृत्त झाले. गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत १ सप्टेंबर १९९६ पासून काम करत होते. खाजगी नोकरी, त्यामुळे सरकारी माणसासारखी महागाईभत्त्यासकट पेन्शन नाही. आमच्या यजमानांचं फोंड्याच्या वरच्या बाजारात वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान आहे. त्यांना पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. म्हणजे माझ्या हाती जे येणार होतं, त्यावर दोघांचं पुढचं आयुष्य चालवायचं होतं. निवृत्त होणाऱ्या बऱ्याच मैत्रिणी ‘तू काय काय केलंस’ असं विचारतात, म्हणून सगळं क्रमाने लिहिते. आकडे आमचे आहेत. तुमचे वेगळे असतील, पण रस्ता बहुतेक हाच असेल.

सुरुवात ऑक्टोबर २०२४ मध्ये, दसरा झाल्यावर केली. तोवर मनात एकच प्रश्न होता, सगळं मिळून किती लाख जमतील. एका रविवारी यजमान म्हणाले, “अगं, लाख किती ते सोड. तू नसलीस तर माझ्या हातात महिन्याला किती येणार? आणि मी नसलो तर तुझ्या?” त्या प्रश्नाने मी हादरले, हे खरं. पण पुढच्या प्रत्येक निर्णयाला मी तोच प्रश्न लावला. दोघांपैकी जो मागे राहील, त्याला दर महिन्याला किती?

आधी खर्च लिहून काढला. दूध, भाजी, मासळी, वीज, गॅस, औषधं, स्कूटरचं पेट्रोल, फोन असं सगळं मिळून महिन्याला साधारण २२ हजार. हे सगळ्यांच्या लक्षात असतं. निसटतो तो वर्षातून एकदा येणारा खर्च. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मूळ घरी जाणं, गणपतीवर बांधायची फळा-पानांची माटोळी, फटाके, सगळ्यांचे कपडे. पावसाआधी कौलं शाकारणं. मे महिन्यातलं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण. घरपट्टी, गाडीचा विमा, आरोग्य विम्याचा हप्ता, लग्नामुंजीचे आहेर, देवस्थानची वर्गणी. वर्षभराची बेरीज एक लाख दहा हजारांच्या घरात गेली, म्हणजे महिन्याला नऊ हजार आणखी. खरा आकडा ३१ हजार. बँकेचं पासबुक बारा महिने मागे जाऊन वाचा, ही माझी पहिली सूचना. अंदाजाने लिहिलेला खर्च नेहमी कमीच भरतो.

मग पेन्शन. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफला जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन कशी ठरते हे माझ्या विभागातल्या फार थोड्या जणांना माहीत होतं. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पण पेन्शनपात्र पगाराला मर्यादा आहे. १ सप्टेंबर २०१४ पासून ती १५ हजार आहे, त्याआधीच्या वर्षांना ६,५०० धरले जातात. वीस वर्षं पूर्ण झाली की दोन वर्षं वाढवून मिळतात. हाती येणारा पगार कितीही असो, एवढ्यावरच हिशेब. माझा आकडा महिना ४,४०० च्या आसपास आला. जवळजवळ एकोणतीस वर्षांच्या नोकरीचे चार हजार चारशे. त्या रात्री मला झोप लागली नाही. पण आठ महिने आधी कळलं म्हणून पुढची तयारी करता आली. जुलैत कळलं असतं तर गोंधळ उडाला असता.

पेन्शन ५८ ऐवजी ६० व्या वर्षी सुरू केली तर दरवर्षी चार टक्के वाढून मिळते. कंपनीत काही जण तसं करा असं सांगत होते. मी गणित मांडलं. दोन वर्षांनी ४,४०० चे सुमारे ४,७६० झाले असते, म्हणजे ३६० रुपये जास्त. त्यासाठी दोन वर्षांचे १,०५,६०० रुपये सोडायचे. ते भरून निघायला साठीनंतर चोवीस वर्षांहून जास्त लागली असती. मी ५८ लाच घेतली. ज्यांची नोकरी पुढेही चालू आहे त्यांचा विचार वेगळा असू शकतो. पण हे गणित स्वतः मांडल्याशिवाय कोणाचं ऐकू नका.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कागदपत्रांना हात घातला. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला. नोकरीला लागले तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं, त्यामुळे पीएफच्या नोंदीत माहेरचं नाव आणि आधार, पॅन, बँकेत सासरचं. नावं जुळल्याशिवाय दावा पुढे जात नाही. ऑक्टोबर २०१७ पासून यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) मिळालेल्यांना अशी दुरुस्ती बऱ्याच अंशी स्वतःच पोर्टलवर करता येते. आमच्यासारख्या जुन्यांची दुरुस्ती कंपनीमार्फत जाते, संयुक्त घोषणापत्र भरून. सोबत आधारची प्रत आणि विवाहाचा दाखला. गोव्यात लग्नाची नोंदणी सगळ्यांनाच सक्तीची असल्यामुळे तो दाखला घरात होताच. तरी निबंधक कार्यालयातून ताज्या प्रमाणित प्रती काढून घेतल्या, त्या पुढे पेन्शनला आणि इतर कामांनाही उपयोगी पडल्या. कंपनीच्या ऑफिसात माझा अर्ज काही आठवडे नुसता पडून होता. शेवटी अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली, त्यावर तारीख टाकून घेतली आणि दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत जाऊन विनम्रपणे विचारत राहिले. एप्रिलच्या अखेरीस नाव दुरुस्त झालं. निवृत्तीला निदान सहा महिने उरलेले असताना यूएएनमध्ये नाव, जन्मतारीख, वडिलांचं किंवा पतीचं नाव, बँक खातं आणि नॉमिनेशन हे सगळं तपासून ठेवा. जुनी नोकरी असेल तर तिची सेवा इकडे वर्ग झाली आहे का तेही पाहा.

मे महिना आरोग्य विम्याचा. कंपनीचा सामूहिक विमा निवृत्तीच्या दिवशी संपतो, ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. मला रक्तदाब आहे, यजमानांना मधुमेह. आधीपासूनच्या आजारांचा खर्च विम्यातून मिळण्यासाठी थांबण्याचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, आणि एप्रिल २०२४ पासून ६५ ची वयोमर्यादाही विमा कंपन्या लावू शकत नाहीत. तरीही जितकं लवकर घ्याल तितका तो काळ लवकर सुरू होतो आणि लवकर संपतो. आम्ही दोघांसाठी मिळून पाच लाखांची पॉलिसी घेतली. हप्ता सुमारे ४२ हजार, त्यात १८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, तो फायदा पुढच्या नूतनीकरणाला मिळेल. अर्जात आजार एकही न लपवता लिहिले. एजंट म्हणत होता, “बाई, रक्तदाब सगळ्यांनाच असतो, नका लिहू.” मी लिहिला. दाव्याच्या वेळी फाइल उघडते ती माझी, त्याची नव्हे.

त्याच्या जोडीला राज्य सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहेच. पाच वर्षांपासून गोव्यात राहणाऱ्या कुटुंबाला हे कार्ड मिळतं. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २०० रुपयांत अडीच लाखांचं संरक्षण, चार किंवा जास्त जण असतील तर ३०० रुपयांत चार लाखांचं. दरवर्षी नूतनीकरण लागतं, ते विसरू नका. आणि बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी रुग्णालय आहे, याचा गोव्यात राहणाऱ्या माणसाला केवढा आधार वाटतो हे मी वेगळं सांगायला नको.

याच सुमारास बँकेतून फोन यायला लागले. निवृत्तीची तारीख त्यांना कशी कळते कोण जाणे. एका बँकेतल्या तरुण अधिकाऱ्याने घरी येऊन ‘हमखास पेन्शन’ची योजना समजावली. दरवर्षी दोन लाख, दहा वर्षं भरायचे, मग आयुष्यभर उत्पन्न. मुलगा बोलण्यात अतिशय नम्र होता आणि यजमानांना त्याचं पटायला लागलं होतं. मी त्याच्याकडून भरायच्या आणि मिळायच्या रकमांचं वर्षवार कोष्टक लेखी मागून घेतलं. पुण्याच्या माझ्या मुलीने ते एक्सेलमध्ये टाकलं, परतावा सहा टक्क्यांच्याही खाली निघाला. शिवाय पगार बंद झाल्यावर दहा वर्षं हप्ते भरायचे कुठून? आम्ही नको म्हटलं. कोणी आधीच अशी पॉलिसी घेतली असेल, तर कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते.

मग सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे नोंदणी असलेल्या, फक्त फी घेणाऱ्या एका सल्लागाराकडून आराखडा करून घेतला. कमिशन न घेणारा माणूस हवा होता. फी १२ हजार, दोन बैठका व्हिडिओवर. एवढे पैसे का द्यायचे, यावर घरात चर्चा झाली. मला ते योग्य वाटले, कारण त्यांनी विकायला काहीच आणलं नव्हतं आणि पहिल्याच बैठकीत आमच्या वहीतला एक मोठा खड्डा दाखवला. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. आजचे ३१ हजार मी सत्तर वर्षांची होईन तेव्हा ६२ हजार असतील, आणि ठेवीचं व्याज तिथल्या तिथे राहील. सगळी रक्कम ठेवीत घातली तर पहिली पाच वर्षं सुखात जातात, त्रास नंतर सुरू होतो. माझ्या ओळखीतल्या बहुतेक निवृत्तांनी सगळं ठेवीतच ठेवलं आहे. त्यांची काळजी वाटते म्हणून हे ठळकपणे लिहिते आहे.

३० जूनला निरोप झाला. निघण्याआधी कंपनीकडून एक दाखला मागून घेतला : निवृत्तीची तारीख, पद, नोकरीचा कालावधी आणि मिळालेल्या निवृत्तिलाभांचा तपशील. हा कागद सोन्याच्या मोलाचा आहे, तो पुढे पोस्टात लागतो. पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली का तेही पाहा, त्याशिवाय अंतिम दावा करता येत नाही.

ग्रॅच्युइटी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आली. शेवटचा मूळ पगार आणि महागाईभत्ता मिळून ३२ हजार, त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचं आणि २९ वर्षांनी गुणायचं. ५,३५,००० च्या थोडी वर. करमाफीची मर्यादा २० लाखांची असल्याने कर नाही. शिल्लक रजेचे ८५ हजार. पीएफसाठी फॉर्म १९ आणि पेन्शनसाठी १० डी दोन्ही ऑनलाइन भरले. १० डीसाठी पतीसोबतचा एकत्र फोटो लागतो, आमचा तसा ताजा फोटो एकही नव्हता, मग तिस्कावरच्या स्टुडिओत जाऊन काढला. पीएफचे १९ लाख २० हजार २४ जुलैला जमा झाले. पेन्शनबाबत शंका होती म्हणून पणजीला पाटोवरच्या भविष्यनिधी कार्यालयात गेले. कदंबाच्या बसने सकाळी लवकर गेलात तर रांग छोटी असते, आणि यूएएन, आधार, पासबुक यांच्या प्रती सोबत ठेवा. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सगळं समजावलं. माझ्या पश्चात यजमानांना पेन्शनची निम्मी रक्कम मिळेल, हेही त्यांनीच नोंदीत दाखवलं. पहिली पेन्शन सप्टेंबरमध्ये, मागच्या थकबाकीसह आली. आता वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा. तो फोनवर चेहरा दाखवूनही देता येतो आणि दिल्या तारखेपासून एक वर्ष चालतो.

पैसा हातात आल्यावर सगळ्यात महत्त्वाचं पाऊल ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं. एरवी ती साठीनंतर, पण निवृत्त झालेल्यांना ५५ नंतरही मिळते. अट एवढीच की निवृत्तिलाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं आणि त्या लाभांपेक्षा जास्त रक्कम टाकायची नाही. मर्यादा माणशी ३० लाख, व्याज ८.२ टक्के, दर तिमाहीला. चवथ २७ ऑगस्टला होती. त्या आठवड्यात गोव्यात कुठलंच काम होत नाही, म्हणून १२ ऑगस्टलाच फोंड्याच्या पोस्टात गेलो. फॉर्म, फोटो, पॅन, आधार, कंपनीचा दाखला, पीएफ जमा झाल्याची पासबुकातली नोंद आणि धनादेश. माझ्या नावावर १८ लाख, संयुक्त धारक यजमान. यजमान ६२ वर्षांचे आहेत, म्हणून आमची मुदत संपलेली सहा लाखांची जुनी एफडी मोडून त्यांच्या नावावर वेगळं खातं उघडलं, तिथे संयुक्त धारक मी. दोघांना स्वतःचं खातं आणि दोघांपैकी कोणी गेलं तरी दुसऱ्याला ते पुढे चालवता यावं, हा विचार.

माझ्या खात्याचे तिमाही ३६,९०० आणि त्यांच्या खात्याचे १२,३००. मिळून महिन्याला १६,४०० पडतात, पेन्शन धरून २०,८००. व्याज १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ जानेवारीला येतं. आम्ही ते बचत खात्यात ठेवून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेलीच रक्कम घरखर्चाच्या खात्यात वळवतो, नाहीतर पहिल्या महिन्यातच हात सैल सुटतो. माझं वय साठच्या खाली आणि वर्षाचं व्याज ५० हजारांच्या वर, म्हणून २०२५-२६ साठी व्याजातून कर कापला जाऊ नये यासाठी पोस्टात फॉर्म १५जी दिला. यजमानांचं व्याज ज्येष्ठांच्या एक लाखाच्या मर्यादेत आहे, त्यांना त्याची गरज पडली नाही.

एक सावधगिरी. ८.२ टक्के हा आम्ही खातं उघडलं तेव्हाचा दर आहे. एप्रिल २०२० ते सप्टेंबर २०२२ या काळात हाच दर ७.४ होता. आपल्या खात्याला पाच वर्षं दर बदलत नाही, पण २०३० मध्ये वाढवून घेताना जो असेल तो. म्हणून आम्ही हिशेब सात टक्क्यांनीही करून पाहिला.

उरलेल्यातले तीन लाख साध्या एफडीत, अडीअडचणीला. आणि आठ लाख दूरच्या वर्षांसाठी म्युच्युअल फंडात. त्यातले ३ लाख ६० हजार माझ्या जुन्या एसआयपीचे, बाकीचे थोडे थोडे करून घातले. या पैशांना निदान सहा-सात वर्षं हात लावायचा नाही असं ठरलं आहे. बाजार खाली जाईल तेव्हा पोटात कालवाकालव होणार, पण घर त्यावर चालत नाही. घर चालतं ते व्याज, पेन्शन आणि सध्या दुकानाच्या अकरा हजारांवर. दुकान बंद होईल तेव्हा गाळा भाड्याने देता येईल, तो आमचा स्वतःचा आहे. माडीवरची खोली फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांना द्यायचंही ठरतं आहे. भाडेकरूचा तपशील पोलीस ठाण्यात नोंदवावा लागतो, तेवढं लक्षात ठेवा. भाडं महागाईबरोबर वाढतं, म्हणून मला ते व्याजाइतकंच मोलाचं वाटतं.

आता गोव्याची खास गोष्ट. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर आपल्याकडच्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, दोघांची निम्मी-निम्मी. हे आपल्याला घराच्या बाबतीत माहीत असतं, विक्रीवर दोघांच्या सह्या लागतात म्हणून. पण आयकरातही त्याचा थेट परिणाम आहे. आयकर कायद्याप्रमाणे (१९६१ च्या कायद्यात कलम ५ए) पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे व्याज, भाडं, दुकानाचा नफा, दोघांत समान वाटून दाखवायचं. त्यामुळे आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा नमुना चालत नाही आणि विवरणपत्रात या वाटणीचं शेड्यूल ५ए भरावं लागतं. गोव्याबाहेरच्या सीएंना हे पुष्कळदा ठाऊक नसतं. आमच्या फोंड्याच्या सीएंनी दोघांची विवरणपत्रं मिळून अडीच हजार घेतले आणि व्याज वाटलं गेल्यावर दोघांपैकी कोणालाच कर बसत नाही हे दाखवून दिलं.

वारसाचंही तसंच. एक जण गेला तर दुसऱ्याचा निम्मा हिस्सा त्याचाच राहतो, आणि गेलेल्याच्या हिश्शात मुलगा-मुलगी सारखेच हक्कदार. मृत्युपत्राने आपल्या हिश्शाच्या फक्त निम्म्याचीच विल्हेवाट लावता येते. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो. हे दोन्ही मुलांना बसवून सांगितलं. मुलगा आधी म्हणाला, “आई, आत्तापासून कशाला हे?” मुलीने मात्र वही मागून घेतली आणि प्रत्येक खात्याचा नंबर, नॉमिनी, मुदत, पोस्टातलं पासबुक कुठल्या कपाटात, हे सगळं एका कागदावर उतरवलं. त्या कागदाच्या प्रती दोघांकडे आहेत.

यजमानांनी आणि मी आपापल्या हिश्शाच्या मोकळ्या निम्म्याचं मृत्युपत्र एकमेकांच्या नावे करायचं ठरवलं आहे. जो मागे राहील त्याला राहत्या घराची आणि व्याजाची ददात पडू नये म्हणून. मसुदा वकिलांकडे तयार आहे. फोंड्याच्या उपनिबंधक कार्यालयात जाऊन लागणाऱ्या कागदांची यादी घेतली. दोघांची आधार कार्डं, विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, घराची कागदपत्रं आणि दोन साक्षीदार. साक्षीदार म्हणून शेजारचे भाऊ आणि दुकानाशेजारचे शिंपीकाका तयार झाले आहेत. मुलीचा जन्मदाखला पुण्याहून आला की तारीख घेणार.